पुढे आसरा आहे

होळी झाली, तलावाची कड मागं सरकली, उघडा पडलेला गाळ उन्हाला लागला, की सुंदरबाईची ट्रंक उघडलीच म्हणून समजा. जुन्या लुगड्याचा काठ असो, चोळीचा तुकडा असो, फडकं लाल पाहिजे. ते बांबूच्या टोकाला बांधायचं, बांबू खांद्यावर टाकायचा आणि गाळात उतरून बरोबर एका जागी रोवून यायचा. आधी हे काम तिची आई करायची, मग ती करू लागली. एक साल चुकलं नाही.

ती जागा म्हणजे बेलथडीची थोरली विहीर. बेलथडी आता नकाशावर नाही. तलाव झाला तेव्हा गाव उठलं. सुंदरबाई चौदा वर्षांची होती, पाठचा अजिनाथ पाचाचा. लोकांनी दारं-चौकटी काढून नेल्या, तुळया नेल्या, जाती-पाटे नेले. महादेवाच्या देवळाचं जोतं आणि विहीर कुणाला उचलता आली नाही, ती राहिली. विहीर बुजवायची असं ठरलं होतं, पण सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही. तसंच पाणी चढलं. तेव्हापासून विहिरीत गाळ बसतोय, पण सात पुरुष खोल दगडी बांधणीची विहीर ती. उन्हाळ्यात वरचा गाळ दुधावरच्या सायीसारखा धरतो आणि खाली नुसता पातळ चिखल. वरून बघाल तर भेगाळलेली कोरडी भुई. बैलगाडी जाईल असं वाटावं. धुळाजीची म्हैस अशीच त्यावर गेली होती, आणि तिची शिंगं दिसेनाशी झाली तेव्हा धुळाजीच्या हातातली बिडी अजून अर्धीसुद्धा ओढून झाली नव्हती.

ह्या विहिरीत साती आसरा राहतात, हे तिकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी, एकट्यादुकट्याला ओढून नेणाऱ्या. त्यांना हळदकुंकू वाहायचं, दहीभात ठेवायचा आणि मागं वळून न बघता निघायचं. त्या जागेवर उभं राहून विहिरीचं नाव काढायचं नाही, बुडण्याचं तर नाहीच. काढलं तर त्यांना ऐकू जातं. 'तितं आसरा हाय' एवढं म्हटलं की बास. 'जाऊ नको' हे त्यात आलंच.

अजिनाथ वीस वर्षांपूर्वी ऊसतोडीला जाताना ट्रॉली उलटली तिच्याखाली सापडला. कमरेखालचं शरीर गेलं. बायको दोन वर्षं राहिली, मग माहेरी गेली ती तिकडचीच झाली. तोवर सुंदरबाईचा नवराही वारला होता. मग बहीण भावाकडे राहायला आली की भाऊ बहिणीकडे, हे आता दोघांनाही सांगता येत नाही. अजिनाथनं बसल्या जागी मोबाईल दुरुस्ती शिकून घेतली, घराच्या ओट्यावरच दुकान थाटलं, आणि जिभेला तर कधीच काही झालं नव्हतं. बहिणीला तो दिवसभर टोमणे मारायचा आणि ती जेवायला उशीर करून त्याचा सूड घ्यायची. एकूण बरं चाललं होतं.

एकच गोष्ट त्याला खुपायची. दर उन्हाळ्यात महादेवाचं जोतं पाण्याबाहेर यायचं, उठून गेलेलं गाव नारळ घेऊन जायचं, आणि अजिनाथ ओट्यावर. गाळात चाकाची खुर्ची चालत नाही. "मला पाठुंगळीवर नेऊ नगा," तो म्हणायचा. "देवाला वाटंल पोतं आनलं."

अशात नगरपरिषदेनं तलाव मनावर घेतला. शहर वाढत वाढत तलावाच्या बांधापर्यंत आलं होतं, आणि तिथला कारभार ज्यांच्या शब्दावर चालतो ते अमरसिंहदादा परराज्यातलं एक तळं बघून आले होते. माणूस गावाबाहेर पडला की काहीतरी घेऊनच येतो. कुणी प्रसाद आणतं, दादांनी पर्यटन आणलं. चौकात फलक लागला. अजिनाथनं तो बहिणीला वाचून दाखवला, "स्मार्ट, शाश्वत, सर्वसुलभ."

"शाश्वत म्हंजे काय रं?"

"कायम टिकनारं."

"मग मजबूत म्हना की. आन् ते शेवटचं?"

"सर्वसुलभ," अजिनाथ म्हणाला. "ते म्हंजे मी."

चेष्टेत बोलला खरा, पण ते खरंच होतं. पुण्याच्या सल्लागार कंपनीचा प्रविण नावाचा जो पोरगेला अभियंता आला होता, त्याचा ह्याच एका गोष्टीवर हट्ट होता. पायऱ्या जिथं तिथं उतार, उताराला कठडा, आंधळ्यांना बोटांनी वाचता येतील अशा पाट्या. खुर्चीवाल्या माणसाला ठरावीक अंतरावर विसाव्याची जागा मिळालीच पाहिजे, असं तो दादांनासुद्धा ऐकवायचा. आणि त्यानं बांधलेलं स्वच्छतागृह असं, की अजिनाथ वीस वर्षांत पहिल्यांदा घराबाहेर कुणाला हाक न मारता जाऊन आला. सुंदरबाईनं त्या दिवशी प्रविणची मनातल्या मनात दृष्ट काढली. ह्या पोराचं कधी वाईट चिंतायचं नाही असं तिनं ठरवलं, आणि पुढे सगळं होऊन गेल्यावरही ते पाळलं.

जागेची मोजणी करायला प्रविण गाळात उतरला तेव्हा जुनं गाव दाखवायला सुंदरबाईलाच बोलावलं होतं. तिच्याइतकं पाण्याखालचं गाव कुणाला माहीत? ती पुढं, तो मागं, त्याच्या हातात पाटीएवढा मोबाईल.

"हे म्हादेवाचं जोतं. ह्यो आमच्या न्हानीतला दगड. ह्याच्यावर माजा भाऊ आज्या बसून आंग धुयाचा, लई रडायचा." मग ती लाल फडक्यापासून वीसेक पावलं अलीकडे थांबली आणि नुसता हात केला. "आन् तितं आसरा हाय."

प्रविण पुण्यात वाढलेला. आसरा म्हणजे त्याच्या लेखी ऊनपावसात डोकं टेकायची जागा. पुस्तकात तोच अर्थ असतो, आणि पुस्तक काही खोटं नसतं.

"आसरा? जुना आहे?"

"माज्या पंजीच्या आदीपासनं."

"लोक येतात तिथे?"

"बाया येतेत की. दहीभात घिऊन."

"आणि हे लाल फडकं?"

"ते म्या रोवते. लोकांला लांबून कळावं म्हून."

"फार छान," प्रविण म्हणाला, आणि त्यानं लिहून घेतलं.

आता बघा, इथं कुणी ध चा मा केला नव्हता. ध चा मा करणाऱ्याला निदान पकडता येतं. इथं बाईनं जे सांगितलं ते पोरानं अक्षरन् अक्षर उतरवलं. दोघंही प्रामाणिक, दोघंही समाधानी, आणि दोघांच्या मधे ती साय पसरलेली.

उद्घाटनाच्या आधी महिनाभर सुंदरबाईला फाटकावर काम मिळालं. येणाऱ्याकडून प्लॅस्टिकची पिशवी काढून घ्यायची आणि कापडी द्यायची. बांधाच्या पलीकडे गाळात काय चाललंय ते फाटकावरून दिसायचं नाही आणि तिकडं सोडतही नव्हते. एके दिवशी प्रविण तिच्याकडे आला.

"मावशी, तो तुमचा बांबू काढावा लागेल. तळ्यात चिंध्या नकोत असं ठरलंय. शिवाय तिथे आता कायमचा फलक लावतोय."

सुंदरबाईनं हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. "फलकावर काय लिव्हनार?"

"तुम्ही सांगितलंत तेच. आसरा."

तिचं तोंड उजळलं. दरसालचा बांबू, दरसालची चिंधी, दरसाल तीच धाकधूक, की ह्या साली आपण आजारी पडलो तर कोण रोवणार? आणि आता सरकारच लिहितंय, लोखंडावर, कायमचं. आपला शब्द सरकारनं ऐकला असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. ती स्वतः गाळात उतरली. वीस पावलांवर चप्पल काढली, हात जोडले, आणि नेहमीसारखी कडेकडेनं, दगडी काठ पायाला चाचपत गेली. बांबू तिनं स्वतःच्या हातानं उपटला. फडकं सोडून घडी करून कमरेला खोचलं. लांबून मागं वळून बघितलं तर दोन माणसं त्याच जागेच्या कडेला फलक ठोकत होती. जागा बरोबर होती, एक हातसुद्धा इकडंतिकडं नव्हती.

आठ दिवसांनी मोबाईलवर तलावाचा नकाशा आला. अजिनाथनं दुकानात तो उघडला आणि बहिणीला हाक मारली.

"आक्का, हे बघ. तुज्या आसरा आल्या मोबाईलमंदी."

"वाच की."

"लिव्हलंय, आसरा. बास. आन् फुडं छत्रीचं चित्र काढलंय." त्यानं डोळे बारीक केले. "छत्री कावून काढली आसंल?"

सुंदरबाईनं जराही विचार केला नाही. "आरं, देवीच्या डोक्यावर छत्र आसतंच की."

"हां, ते बी खरं," अजिनाथ म्हणाला, आणि त्यानं नकाशा मिटला.

मला ह्या जागी सांगताना राग येतो. दोघांवर नाही, प्रविणवरही नाही, कुणावर ते ठरवता येत नाही म्हणून जास्तच येतो. हातात नकाशा होता, त्यावर चूक उघडी पडली होती, चित्रासकट. आणि बाईला उत्तर सापडलं. माणसाला उत्तर फार लवकर सापडतं.

उद्घाटनाला पहिला पाहुणा म्हणून अजिनाथलाच न्यायचं ठरलं. दादांनी बॅटरीवर चालणारी चाकाची खुर्ची मागवली होती. जाडजूड, मागं लोखंडी पेटी, दोन गडी लावून उतरवली. गाळावरून देवळाच्या जोत्यापर्यंत काथ्याची जाड चटई अंथरली होती. सिमेंट नाही, डांबर नाही. पाणी आलं की चटई गुंडाळायची, तळं जसं होतं तसं. चांगलीच युक्ती होती ती. आदल्या दिवशी अंथरणारी माणसं तिच्यावरून चालत गेली, आली, काही झालं नाही. रिकाम्या माणसाचं वजन साय पेलते.

सकाळी सुंदरबाईनं भावाला आंघोळ घातली, टोपी दिली. अजिनाथनं आरशात पाहिलं. "नवरदेव दिसतोय का?"

"नवरदेवाचा बाप दिसतोस."

"म्हादेवाला काय मागू तुज्यासाटी?"

"माज्यासाटी काय मागू नगंस. त्या जोत्याला माज्या नावानं हात लाव, बास झालं." मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक. ट्रंकेतून तिनं ते बांबूवरचं लाल फडकं काढलं आणि खुर्चीच्या पाठीला गाठ मारून बांधलं. "एवढी मानसं येनार. दिष्ट लागू नये."

अजिनाथ हसला, पण त्यानं ते सोडलं नाही.

दहा वाजता मंडप भरला. हलग्या कडाडत होत्या. बांधाचा पट्टा आज सर्वांना खुला होता, म्हणून सुंदरबाई पिशव्यांची चळत घेऊन फाटकावरून पुढे येऊन उभी राहिली. खाली चटई दिसत होती, लांबच लांब, आणि तिच्यावरून अजिनाथ एकटा जात होता. कुणी ढकलत नव्हतं. अंगठ्यानं दाबायची कळ होती, तिच्यावर तो चालला होता, अगदी सावकाश, जशी वरातीतली घोडी चालते. मागं दादा, त्यांच्यामागं बाकीचे, आणि प्रविण बाजूनं फोटो काढत. सुंदरबाईला भरून आलं. बाप असता तर, असं तिच्या मनात आलं.

खांबांवरच्या भोंग्यांतून बाईचा गोड आवाज सुरू झाला. आंधळ्यांनाही वाट कळावी म्हणून तो होता.

"पुढे तीस पावलांवर आसरा आहे."

सुंदरबाईनं मान हलवली. बघा, सांगतायत. ज्यांना दिसत नाही त्यांनासुद्धा सांगतायत.

"थकला असाल तर उजवीकडे वळा. आसऱ्याला थोडा वेळ बसा."

तिच्या हातातल्या पिशव्या तशाच राहिल्या. आसऱ्याला? आसरांना म्हणतात, आसरांपुढं म्हणतात. आसऱ्याला असं त्यांना कधी कुणी म्हटलेलं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. आणि बसा? तिथं कोण बसतं? आसऱ्याला बसतात ते झाडाखाली, वळचणीला, पाऊस आला तर कुणाच्या ओसरीवर.

तेव्हा तिला कळलं. सगळं एकदम कळलं. दहीभात, छत्री, लोखंडी फलक.

तिनं पिशव्या टाकल्या आणि बांधावरून खाली धावली. साठी उलटलेली बाई, एक चप्पल पायात आणि एक मागं. चटईवरून वळसा पडला असता, म्हणून ती सरळ गाळातून धावली. "आज्या, थांब," ती ओरडत होती, पण हलग्यांपुढं तिचा आवाज तिलाच ऐकू येत नव्हता. चटईला उजवीकडे एक फाटा फुटला होता. फाट्याच्या टोकाला मोठी रंगीत छत्री उघडून ठेवली होती आणि तिच्या सावलीत एक बाक. अजिनाथला देवळाकडेच जायचं होतं, पण फोटोवाल्यांनी हात केला, दादांनीही हात केला, आणि त्यानं अंगठा उजवीकडे दाबला.

तिला त्यानं पाहिलं. खुर्ची थोडी वळवून त्यानं हात वर केला. बहीण आपल्याबरोबर देवाला यायला धावतेय असं त्याला वाटलं. तो हसत होता.

चटई मध्यावर झोळीसारखी झाली. आधी पेटीची बाजू खचली, मग बाकी सगळं त्यामागं गेलं, आणि आवाज असा काहीच झाला नाही. छत्री कलंडून बाजूला पडली. प्रविण चटईवर पालथा पडून सरकत गेला, त्याचा हात कोपरापर्यंत चिखलात होता, खांद्यापर्यंत होता, मग लोकांनी त्याला पायांना धरून मागं ओढलं. खुर्चीची पाठ थोडा वेळ दिसत होती. सगळ्यात शेवटी दिसेनासं झालं ते लाल फडकं. सुंदरबाई वीस पावलांवर होती. तिला माहीत होतं की तिथून पुढे जायचं नसतं, आणि ती पुढे गेली. चौघांनी तिला धरून ठेवलं. भोंगा चालूच होता, तो बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

अजिनाथला बाहेर काढायला दोन दिवस लागले.

मग वरातीमागून घोडं निघालं. चौकशी बसली, कागद मागवले, फाटकाला कुलूप लागलं. स्थानिक व्यक्तीनं दिलेल्या माहितीवरून जागा निवडली, असं कागदावर आलं. ती स्थानिक व्यक्ती कोण, हे विचारायला कुणी घरापर्यंत आलं नाही. प्रविण तेवढा आला. उंबऱ्याबाहेरच बसला. म्हणाला, "मावशी, विहीर असं एकदा का नाही म्हणालात?"

"म्हनले की, बाबा," सुंदरबाई म्हणाली. "तुला त्येच म्हनले, आन् फलकावर बी तू त्येच लिव्हलंस. आमच्यात विहिरीला तितं तसंच म्हंतेत." ती त्याच्यावर चिडली नाही. तिनं त्याला पाणी दिलं आणि त्यानं ते घेतलं.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी अमरसिंहदादा आले. बरोबर पाच-सहा जण होते, ओट्यावर दुकानाचं शटर ओढलेलं होतं, त्याच्याशी सतरंजी टाकली. दादांचा चेहरा उतरला होता, आणि ते नाटक नव्हतं. त्या दिवसापासून त्यांना झोप नाही असं लोक सांगत होते. सुंदरबाई भिंतीला टेकून, पदर पुढं ओढून बसली होती. दादाच आधी बोलले.

"मावशी, झालं ते लई वाईट झालं. पन तुमी सवताला एकटं समजू नगा. आमी हावत. नगरपरिषद तुमाला आसरा दिईल."

सुंदरबाईनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वर केली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"दिला की," ती म्हणाली. "माज्या भावाला दिला."

ती उठून आत गेली. उन्हाळा अजून सरला नव्हता, पाणी रोज मागं हटत होतं. कोपऱ्यातला बांबू तिनं दाराशी आणून ठेवला आणि लाल फडकं शोधायला ट्रंक उघडली.